खिरीतले काळे दाणे

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या ध्यानशिबिराहून परतलेली माणसं मौनाबद्दल सांगतात, पहाटे चारच्या घंटेबद्दल सांगतात आणि दुखऱ्या गुडघ्यांबद्दल तर भरभरून सांगतात. रोज संध्याकाळी सात ते सव्वाआठ होणाऱ्या प्रवचनाचा विषय मात्र सहसा निघत नाही. मला विचाराल तर या शिबिरांचे आचार्य सत्यनारायण गोयंका यांची ही प्रवचनमाला आपल्याकडच्या कथनकलेचा अस्सल नमुना आहे. ज्याचा देवावर, पुनर्जन्मावर किंवा कुठल्याच पोथीवर विश्वास नाही, अशा माणसानं तर ती मुद्दाम ऐकावी. तिची बरीचशी रचना त्याच्याच शंका गृहीत धरून झाली आहे.

प्रवचन कोणत्या वेळी कानावर पडतं, हे आधी पाहायला हवं. साडेचारपासून बसणं सुरू असतं. दिवसाकाठी दहा तास श्वास नाहीतर शरीर न्याहाळायचं, बोलायचं नाही, वाचायचं नाही, लिहायचं नाही, शेजाऱ्याकडे नजर वर करून पाहायचं नाही. जेवण अकराच्या सुमारास उरकलेलं असतं. संध्याकाळपर्यंत माणूस शब्दांसाठी आसुसलेला असतो, आणि अशा कानांवर गोयंकांचा जाड, संथ, मारवाडी वळणाचा हिंदी आवाज येतो: पहिला दिवस सरला, अजून नऊ उरले. दिवसभर ज्या गोष्टीनं छळलं, त्याच गोष्टीचं हसत हसत वर्णन सुरू होतं. मन कसं भूतकाळात पळालं, मग भविष्यात कसं उडी मारून गेलं, पाय कसे बंड करून उठले. सगळं सभागृह हसतं, कारण प्रत्येकाला वाटतं की हे माझ्याच खोलीत डोकावून पाहिलंय.

गंमत अशी, की हे सगळं ध्वनिमुद्रित आहे. गोयंका 2013 साली गेले. इगतपुरीच्या धम्मगिरीवर काय किंवा दूरच्या एखाद्या केंद्रावर काय, तोच विनोद त्याच दिवशी त्याच मिनिटाला येतो. कीर्तनकार श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे बघून आख्यान लांबवतो किंवा आवरतं घेतो. इथे सांगणारा समोर नसूनही श्रोता त्याच्या मुठीत असतो. दिवसभराचं वेळापत्रक इतकं काटेकोर आहे, की संध्याकाळी समोरचा माणूस कोणत्या अवस्थेत बसला असेल हे सांगणाऱ्याला आधीच माहीत असतं. तरीही बाज मला कीर्तनाचाच वाटतो. पूर्वरंगातलं निरूपण आणि उत्तररंगातलं आख्यान यांची वीण आहे, मध्येच राजस्थानी दोहे आहेत. टाळ, मृदंग आणि देव मात्र नाहीत. तबकही फिरत नाही: शिबिराला शुल्क नसतं आणि दान फक्त एखादं शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच घेतात.

एक आख्यान जरा जवळून पाहू. संयुत्त निकाय या पाली ग्रंथात असिबंधकपुत्त नावाचा एक गामणी, म्हणजे गावाचा प्रमुख, बुद्धाला विचारतो, की मेलेल्या माणसाला मंत्र म्हणून स्वर्गाला पाठवता येतं का. बुद्ध त्याला प्रतिप्रश्न करतो. खोल डोहात धोंडा टाकला आणि काठावर जमलेल्या गर्दीनं हात जोडून कितीही प्रार्थना केली, तर धोंडा वर येईल का? तुपाचा घडा पाण्यात फुटला, तर प्रार्थनेनं तूप तळाला जाईल का? मूळ सुत्त एवढंच, कोरडं आणि तर्कशुद्ध. गोयंका त्यात एक रडणारा तरुण आणतात. त्याचा बाप नुकताच गेलेला आहे. बुद्धानं काहीतरी विधी करून बापाला स्वर्गाचं दार उघडून द्यावं, असा त्याचा हट्ट आहे. बुद्ध त्याला बाजारातून दोन मडकी आणायला पाठवतो. एकात तूप, एकात खडे. पोराला वाटतं, आता काहीतरी मोठा विधी होणार, आणि तो उत्साहानं धावतो. मग पाण्यात मडकी फोडली जातात, खडे बुडतात, तूप तरंगतं. तेव्हा बुद्ध म्हणतो, बोलाव आता तुझ्या पुरोहितांना.

गोयंकांनी काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. वादाचा मुद्दा त्यांनी दुःखाच्या घरात नेऊन ठेवला. मुलाच्या उत्साहावर आपण आधी हसतो, मग त्याच्या अपेक्षाभंगात आपलीही एखादी अपेक्षा सापडते. कर्मकांडावर आसूड न ओढता कर्मकांडाचा फोलपणा दाखवायचा आणि बापासाठी रडणाऱ्याचा अपमानही होऊ द्यायचा नाही, हे अवघड काम आहे. आपल्याकडच्या कित्येक सुधारकी भाषणांना ते जमलेलं नाही.

हा तोल कुठून आला, याचा धागा त्यांच्या चरित्रात सापडतो. 1924 साली मंडालेत जन्मलेले गोयंका ब्रह्मदेशातल्या सनातनी मारवाडी घरातले, व्यापारी. अर्धशिशीनं इतके बेजार, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. 1955 मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन हे ब्रह्मी सरकारचे महालेखापाल; कचेरीही सांभाळायची आणि ध्यानही शिकवायचं. त्यांनी गोयंकांना परत पाठवलं. डोकेदुखी घालवायला आला असाल तर येऊ नका, धम्माची किंमत कमी होते. मनाच्या शुद्धीसाठी या, दुखणं गेलं तर जाईल. दुसरी अडचण गोयंकांची स्वतःची होती: बौद्ध धर्मात ओढलं जाण्याची भीती. त्यावर उत्तर मिळालं, की इथे शील, समाधी आणि प्रज्ञा एवढंच शिकवतो, तुमच्या हिंदू धर्माची यातल्या कशाला हरकत आहे का? हा प्रसंग गोयंका प्रवचनात स्वतःच रंगवून सांगतात, आपल्या भित्रेपणासकट. आज मनःस्वास्थ्य विकणाऱ्यांच्या गर्दीत हा नकार मला फार मोलाचा वाटतो. आरोग्य पदरात पडेल, पण त्याच्यासाठी दार ठोठावू नका.

पद्धतही या सावधपणाला धरून आहे. पहिले तीन दिवस नैसर्गिक श्वास तेवढा पाहायचा. नाम नाही, मूर्ती नाही, मंत्र नाही. शब्द जोडला तर मन लवकर एकाग्र होतं, हे गोयंका मान्य करतात आणि तरीही तो जोडू देत नाहीत. श्वास कोणत्याच पंथाचा नसतो, त्यामुळे कुणालाच बाहेर थांबावं लागत नाही. चौथ्या दिवशी विपश्यना: शरीरभर संवेदना पाहत जायचं आणि त्यांना प्रतिक्रिया द्यायची नाही. इथवर विश्वासाचा प्रश्नच उद्भवत नाही. शिस्त मात्र पुरेपूर मागितली जाते.

आता खीर. खिरीच्या दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही शिबिराचं मर्म सांगतात. एकीत दोन गरीब पोरं, त्यातला एक जन्मांध. डोळस मित्राला खीर मिळते. आंधळा विचारतो, खीर कशी असते? पांढरी. पांढरं म्हणजे? बगळ्यासारखं. बगळा कसा? मित्र हाताचं मनगट वाकवून बगळा करतो, आंधळा तो चाचपतो आणि म्हणतो, अरे, खीर वाकडी असते होय! अनुभवावाचून चाललेल्या तत्त्वचर्चेची इतकी निर्मळ थट्टा क्वचित ऐकायला मिळते. दुसरीत एक आई मुलाला खीर देते. मुलाला तीत काळे खडे दिसतात. ते असतात वेलदोड्याचे दाणे. तो खायला तयार नाही. आई म्हणते, काळं काढून टाक आणि बाकीची खा. गोयंकांचा अर्थ सरळ आहे: सांगितलेल्यातलं जे पटत नसेल ते बाजूला ठेवा, साधना सोडू नका. अश्रद्ध माणसाला दिलेलं हे रीतसर आमंत्रणच. अर्थात गोयंकांच्या लेखी ते दाणे वेलदोड्याचेच आहेत. मूल मोठं झालं की चव कळेल, ही खात्री गोष्टीत लपलेली आहे. माझी तेवढी खात्री नाही, पण वाढण्याची रीत आवडली.

कारण दाणे आहेतच. शिबिराची सुरुवात पालीतल्या त्रिशरणानं होते. शरण व्यक्तीला जायचं नसून गुणांना जायचं आहे, असा खुलासा होतो, तो पटतो. खटकतं ते वेगळंच. बसल्या बसल्या जी अस्वस्थता उफाळते, ती जुन्या संस्कारांची, म्हणजे मनात साठलेल्या प्रतिक्रियांची, वर आलेली साय आहे आणि तटस्थ राहिल्यास ती विरून जाते, असं प्रवचनात ठामपणे सांगितलं जातं. पुढे पुनर्जन्मही येतो. स्वतः पडताळल्याशिवाय काही मानू नका म्हणणारा वक्ता इथे पडताळता न येणारी गोष्ट सांगून जातो. त्रास कमी झाला तर संस्कार गेला, वाढला तर आणखी खोलातला वर आला. कोणताही निकाल लागला तरी सिद्धान्त जिंकतो. संपूर्ण मालेत कथनाची पकड सैल होते ती याच जागी, कारण इथे गोष्ट थांबते आणि ग्वाही सुरू होते. आणि ज्याचं मन खरोखर आजारी आहे त्याच्यासाठी ही ग्वाही धोक्याचीही ठरू शकते.

म्हणून जाणाऱ्यांना सांगणं एवढंच: प्रवेश अर्जात मानसिक आजाराबद्दल आणि चालू औषधांबद्दल विचारतात, ते रकाने खरे भरा, औषधं मनानं बंद करू नका, आणि डॉक्टरांशी आधी बोला. बाकी पुनर्जन्म मानत नाही म्हणून अडून बसण्याचं कारण नाही. दाणे ताटाच्या कडेला काढायची परवानगी वाढणाऱ्यानंच देऊन ठेवली आहे.