समुपदेशन-प्रशिक्षणातील कारणमीमांसा : एक चिकित्सा

मानवी वर्तन कशामुळे घडते, या प्रश्नाचे जे उत्तर प्रशिक्षणार्थी समुपदेशक मनाशी धरतो, त्यावर त्याच्या पुढील कामाची दिशा ठरते. महाराष्ट्रातील प्रशिक्षणावर या बाबतीत अल्बर्ट एलिस यांचा मोठा ठसा आहे. १९५५ मध्ये त्यांनी मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती डॉ. कि. मो. फडके यांनी मराठी अभ्यासकांपर्यंत पोहोचविली. घटना, तिच्याविषयीची धारणा आणि परिणाम ही तिची त्रिपदी. परिणाम मुख्यतः धारणेतून उद्भवतो, हे तिचे मर्म. ‘त्याचा स्वभावच तसा’ किंवा ‘भानामती झाली’ या चौकशीचे दार लावून घेणाऱ्या उत्तरांपेक्षा हे सूत्र निश्चितच पुढचे होय.

परंतु सूत्र पाठ झाले की घटना मागे पडते. धावडा (ता. भोकरदन, जि. जालना) येथील एखादा कोरडवाहू कापूस उत्पादक समुपदेशकासमोर बसला आहे, असे समजावे. पाऊस हुकला, पीककर्ज थकले, सावकाराचे व्याज चढते आहे. झोप नाही, घरात बोलणे नाही. नवशिका समुपदेशक नोंद करतो : ‘नकारात्मक विचारसरणी, समायोजनाचा अभाव.’ या नोंदीत कर्ज कोठेच नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा बागायतदाराचे दुःख ही विचारातील चूक नव्हती. एलिस यांनीही हानीबद्दलचे स्वाभाविक दुःख आणि खचवून टाकणारे नैराश्य यांत स्पष्ट भेद केला आहे. फळ्यावरच्या तीन अक्षरांत तो मावत नाही, इतकेच.

परिस्थिती दुर्लक्षून व्यक्तीच्या गुणदोषांतच कारण शोधण्याच्या प्रवृत्तीला ली रॉस यांनी १९७७ मध्ये मूलभूत गुणारोपण-दोष म्हटले. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये म्हैसूर व शिकागो येथील व्यक्तींची तुलना केली, तेव्हा भारतीय प्रौढ वर्तनाचे कारण सांगताना परिस्थितीचा उल्लेख अधिक करतात, असे आढळले. म्हणजे खेड्यातून आलेला विद्यार्थी जी दृष्टी घरूनच घेऊन येतो, ती प्रशिक्षणात पुसली जाण्याचा धोका आहे!

अर्थात परिस्थितीलाच सर्वस्व मानणेही भाबडेपणाचे ठरेल. एकाच दुष्काळात एक शेतकरी ऊसतोडीला जातो, त्याचा शेजारी फवारणीच्या औषधाकडे वळतो. धारणेचा विचार येथे टाळता येत नाही. राज्य शासनाच्या २०१५ मधील ‘प्रेरणा’ प्रकल्पाने आशा कार्यकर्तीला शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत नेले, ते याच जाणिवेतून. मात्र उंबऱ्यावर प्रथम दिसते ते घर, गोठा आणि बँकेची नोटीस. धारणा त्यानंतर विचारावी लागते.