‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ व न दिसणारे श्रोते

मालिक बेंजेलूल या स्वीडिश दिग्दर्शकाचा ‘सर्चिंग फॉर शुगर मॅन’ हा २०१२ सालचा माहितीपट आम्हीं नुकताच तिसऱ्यांदा पाहिला. पहिल्या दोन्ही खेपांस शेवटीं आमचे डोळे पाणावले होते; या खेपेसहि पाणावले, हें आधींच कबूल करणें बरें.

कथानक पुष्कळांस ठाऊक असेल. सिक्स्टो रॉड्रिगेझ हे डेट्रॉइटमधील एका मेक्सिकन कामकऱ्याचे चिरंजीव. स्वतः गीतें रचून स्वतःच गाणारे. १९७० व १९७१ सालीं निघालेल्या त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिकांना अमेरिकेंत गिऱ्हाईक मिळालें नाहीं, आणि ते पाडकामाच्या मजुरीवर संसार करूं लागले. तिकडे दक्षिण आफ्रिकेंत त्याच ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत होत्या, व त्याची गंधवार्ताहि त्यांस नव्हती. त्यांनीं आत्महत्या केली अशी तेथें वदंता होती. चाहत्यांनीं माग काढला, आणि १९९८ च्या मार्चमध्यें ते केपटाउनच्या रंगमंचावर गिटार घेऊन उभे राहिले.

‘घरोघर’ हा शब्द आम्हीं चित्रपटाच्या भरंवशावर लिहिला. पण कोणाच्या घरीं? दक्षिण आफ्रिकेचे म्हणून येथें जे बोलतात ते दुकानदार, पत्रकार व गायक जवळजवळ सर्व गोरे आहेत. १९९८ च्या प्रेक्षागृहांतील चेहरेहि बहुतांशीं तसेच. कृष्णवर्णीय प्रजा दिसते ती जुन्या चित्रफितींतील निदर्शनांत, आणि तीहि मुकी. यांत रॉड्रिगेझ यांचा दोष नाहीं. त्या राजवटींत वस्त्या, शाळा, इतकेंच काय नभोवाणीहि वर्णावर विभागलेली होती. हें सांगून टाकलें असतें तर आमची तक्रार उरली नसती. परंतु चित्रपटाचा दावा मोठा आहे: या गीतांनीं वर्णभेदाच्या विरोधास वाणी दिली. गोऱ्या घरांतील मुलांच्या आज्ञाधारकपणास त्यांनीं तडा दिला, एवढें म्हटलें असतें तरी तें थोडें नव्हतें. पण त्याच भूमींत लढ्याचीं गीतें रचणारे कामगारपुढारी व्हुयिसिले मिनी १९६४ सालीं प्रिटोरियांत फांसावर चढले; गायिका मिरिअम मकेबा यांस १९६० पासून तीस वर्षें मायदेशाचें दार बंद राहिलें. ‘अमांडला!’ या २००२ सालच्या माहितीपटांत लढ्याच्या गाण्यांचा हा इतिहास आहे. येथें त्याचा उच्चारहि नाहीं.

डोकीं मोजून प्रतिनिधित्व ठरविण्याची चाल हल्लीं पडली आहे. त्या हिशेबानें हा चित्रपट सहज उत्तीर्ण होईल. नायक मेक्सिकन वंशाचा, दिग्दर्शकाचे वडील अल्जीरियाचे, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या ससेक्स कंपनीचे चालक क्लॅरेन्स अ‍ॅव्हंट कृष्णवर्णीय! पण अ‍ॅव्हंट यांच्या वाट्यास येथें काय आलें? मानधनाचा पैसा कोठें गेला, याची उलटतपासणी. प्रश्न रास्तच आहे. मात्र दक्षिण आफ्रिकेंत माल खपविणारांस तो इतक्या तिखटपणें विचारलेला नाहीं.

रॉड्रिगेझ १९७९ व १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांत गाऊन आले होते, हेंहि चित्रपट सांगत नाहीं. विस्मृति गडद दिसावी म्हणून केलेली ही लबाडी आम्हांस फारशी जाचली नाहीं. कथा रंगविणारे तेवढें करतातच.

दिग्दर्शकाची खरी शक्ति डेट्रॉइटमध्यें दिसते. बर्फांतून सावकाश चालणारा तो मनुष्य, मजुरीस जातांनाहि त्याचा नीटनेटका पोशाख, वडील आम्हांस ग्रंथालयें व संग्रहालयें दाखवीत असें सांगणाऱ्या त्याच्या मुली! येथें कसलाहि दावा नाहीं, आणि गरिबी व वंश हीं दोन्ही आपोआप बोलतात. रॉड्रिगेझ एकदां नगराच्या निवडणुकीस उभे राहिले होते. तेव्हां मतपत्रिकेवर त्यांचें नांवच चुकीचें छापलें गेलें. चित्रपट हें सांगतो व क्षणभरहि न थांबतां पुढें जातो. आम्ही मात्र तेथेंच थांबलों.