चौकटीबाहेरचा सूर

कलेत नियम मोडणारे पुष्कळ असतात. परंतु मोडलेल्या नियमाच्या जागी नवी जबाबदारी शिरावर घेणारे थोडे. अमेरिकन जॅझवादक ऑर्नेट कोलमन हा या थोड्यांपैकी एक. त्याच्या ‘फ्री जॅझ’ला कोणी गोंगाट म्हटले, कोणी मुक्ती म्हटले. दोन्ही पक्षांनी ‘फ्री’ या शब्दाचाच अधिक विचार केला आणि प्रत्यक्ष वादनाचा कमी, असे मला वाटते.

त्याने मोडलेली चौकट कोणती, हे आधी पाहिले पाहिजे. त्यापूर्वीच्या जॅझमध्ये साधारणतः ठरलेली धून प्रथम सर्वांनी मिळून वाजवावयाची आणि मग एकेकाने तिचा उत्स्फूर्त विस्तार करावयाचा, अशी रीत होती. मात्र त्या विस्ताराखाली स्वरसंघातांची, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या गटांची, एक मालिका ठरल्या क्रमाने फिरत राही. पियानो ती सांभाळी. वादकाने कितीही धाव घेतली तरी ती त्याच रुळांवरून. कोलमनने रूळच काढून टाकले. आपल्या चौकडीत त्याने पियानो ठेवला नाही. सूर पुढे जाईल तिकडे साथीने जावयाचे, असा उलटा न्याय त्याने लावला.

हे धाडस सुखवस्तू घरातल्या लहरी मुलाचे नव्हते. ९ मार्च १९३० रोजी टेक्ससमधील फोर्ट वर्थ येथे एका गरीब निग्रो कुटुंबात त्याचा जन्म झाला. वडील लवकर वारले. सॅक्सोफोन तो बहुतांशी स्वतःच शिकला. १९४९ मध्ये बॅटन रूज येथे एका नाचाच्या कार्यक्रमानंतर त्याला मारहाण झाली आणि त्याचे वाद्य फोडून टाकण्यात आले. पुढे लॉस एंजेलिसमध्ये एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवीत असताना त्याने संगीतशास्त्राच्या पुस्तकांचा अभ्यास केला. १९५४ मध्ये धातूचा सॅक्सोफोन परवडेना म्हणून त्याने प्लॅस्टिकचा घेतला. पुढे जगप्रसिद्ध झालेला त्याचा आवाज याच पांढऱ्या वाद्यातून निघाला.

नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये त्याची चौकडी उभी राहिली आणि दोन आठवड्यांचा करार लांबत अनेक आठवड्यांवर गेला. लिओनार्ड बर्नस्टाइन भारावून गेला. माइल्स डेव्हिस मात्र त्या वेळी तुच्छतेने बोलला. या वादळात त्याची सर्वांत सुंदर रचना मागे पडू नये. ती म्हणजे त्याच वर्षी ध्वनिमुद्रित झालेली ‘लोन्ली वुमन’. दुकानातल्या नोकरीच्या काळात त्याने एका चित्रात एक श्रीमंत, परंतु अत्यंत एकाकी स्त्री पाहिली होती. तीवरून ही धून त्याला सुचली. बिली हिगिन्सचा ड्रम जलद पळत असतो. चार्ली हेडनचा बास तंबोऱ्यासारखा एका स्वराभोवती घुमत राहतो. या दोहोंवरून कोलमनचा सॅक्सोफोन आणि डॉन चेरीचा लहानसा कॉर्नेट विलंबित, विलाप केल्यासारखी धून काढतात. लय एकीकडे, दुःख दुसरीकडे. जग धावते आहे आणि माणूस थांबला आहे! येथे गोंगाट कोठे आहे?

२१ डिसेंबर १९६० रोजी ध्वनिमुद्रित झालेल्या ‘फ्री जॅझ’मध्ये दोन चौकड्या, म्हणजे आठ वादक, सुमारे सदतीस मिनिटे एकत्र वाजवितात. एक पुढे आला की इतरांनी त्याला हुंकार द्यावयाचा, टोकावयाचे, कधी गप्प बसावयाचे. ठरलेली मालिका नाही, म्हणून दुसऱ्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. या प्रयोगाचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. तरीही काही भागांत आठांची गर्दी सुरांना गुदमरवते, हे सांगितले पाहिजे. त्याने पुढे ट्रम्पेट आणि व्हायोलिन हाती घेतले. त्यांतही सॅक्सोफोनची आर्तता नाही.

१९६२ च्या अखेरीस तो रंगमंचापासून दूर झाला आणि १९६५ मध्ये परतला. १९७२ मध्ये त्याची ‘स्काइज ऑफ अमेरिका’ ही रचना लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राने ध्वनिमुद्रित केली. २००७ मध्ये ‘साउंड ग्रामर’साठी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. ११ जून २०१५ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचे निधन झाले.

त्याच्यामागून आलेल्या काहींनी चौकट मोडणे तेवढे उचलले. ऐकणे मात्र मागेच राहिले. कोलमनचे मोठेपण या ऐकण्यात आहे. आधाराची भिंत काढून घेतल्यावर माणसे एकमेकांच्या आधाराने उभी राहू शकतात, हे त्याने सुरांत सिद्ध करून दाखविले. ज्यांना हे पटत नसेल, त्यांनी ‘लोन्ली वुमन’ची पाच मिनिटे रात्रीच्या शांत वेळी ऐकावीत. वाद मग सकाळी घालता येईल.