उंबरा, अंगण आणि ‘सेवा’

मराठीत उंबरा ओलांडलेल्या बायकांच्या कहाण्या पुष्कळ आहेत. पांढरपेशे समीक्षक त्या वाचतात, डोळे पुसतात आणि शेवटी ‘त्याग’ हा शब्द लिहून मोकळे होतात. आपल्यातले काही जण तीच पुस्तकं हातात घेतात आणि ‘बामणाघरची रडगाणी, आपल्याला काय त्याचं?’ असं म्हणून फेकून देतात. ही दोन्ही वाचनं फुकट गेलेली आहेत. एकाला बाई दिसते, तिची जात दिसत नाही. दुसऱ्याला जात दिसते, बाई दिसत नाही.

मी इथं अनुताई वाघांबद्दल लिहितो आहे. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मकथन. आता कुणी विचारील, दलित साहित्याच्या पानांवर अनुताई कशाला? तर एवढ्याचसाठी, की या बाईनं ओलांडलेला उंबरा थेट आपल्या अंगणात येऊन पोचतो. ते अंगण बोर्डीचं आहे.

आधी उंबऱ्याचं बघू. अनुताई १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावात जन्मल्या. मोरगाव म्हणजे मयूरेश्वराचं ठाणं, अष्टविनायकांतलं पहिलं. ब्राह्मण घर. वयाच्या १३व्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य. त्या जातीत, त्या काळात विधवा पोरीचं काय व्हायचं ते सांगायला नको. तिचं तोंड सकाळी बघायचं नाही. हळदीकुंकवाला तिनं यायचं नाही. स्वैपाकघराचा धूर आणि सोवळ्याचं लुगडं, एवढ्यातच जन्म काढायचा. आणि हे सगळं देवाच्या नावानं. कुणी हातात काठी घेऊन उभं नसतं. पोथी उभी असते. काठीचा मार दिसतो तरी, पोथीचा दिसत नाही.

ही पोरगी त्यातून निघाली. शिकली, मास्तरीण झाली, नोकरी करता करता मॅट्रिक झाली. बी.ए. झाली तेव्हा पन्नाशी उलटलेली होती. हे लिहायला चार ओळी लागतात, जगायला जन्म लागतो. आपण हे मान्य केलंच पाहिजे. बामणाच्या घरात जन्मली म्हणून तिचं दुःख खोटं होत नाही. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर निबंध वाचला. सती, सक्तीचं वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींनी बाईला जखडलं आणि त्यावरच जात टिकली, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं. म्हणजे मोरगावची ती बालविधवा आणि गावकुसाबाहेरची आपली आई यांना बांधणारा दोर एकाच कारखान्यात वळलेला आहे. गाठी तेवढ्या वेगळ्या.

१९४५ साली अनुताई बोर्डीला आल्या. बोर्डी म्हणजे डहाणू तालुक्याच्या टोकाचं, समुद्रकाठचं गाव. सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या. स्टेशन घोलवड. त्या वेळी हे सगळं ठाणे जिल्ह्यात, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. ताराबाई मोडक तिथं ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू करत होत्या, त्यांच्या हाताखाली अनुताई आल्या. बालवाडी निघाली. पण वस्तीतली पोरं गावातल्या बालवाडीत येईनात. कागदावर तिला ‘हरिजन वस्ती’ म्हणत. शब्द आपल्याला नको आहे, पण वस्ती आपलीच. पोरं का येईनात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. गावात जायचं म्हणजे कुणाच्या ओट्याला पाय लागेल, कोण हटकेल, हे आपल्या तीन वर्षांच्या पोराला चालता येण्याआधी कळतं. तेव्हा या बायकांनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. वस्तीतल्या अंगणात पोरं गोळा केली, त्यांना न्हाऊ-माखू घातलं, गाणी शिकवली. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

आज देशभर कानाकोपऱ्यात हा शब्द चालतो. तामिळ मुलखात चालतो, आसामात चालतो. तो शब्द आपल्या वस्तीच्या धुळीतून उठलेला आहे. किती जणांना ठाऊक आहे? सोवळ्यात वाढलेली विधवा आपल्या पोराच्या डोक्यावरून पाणी ओतते, ही साधी गोष्ट नव्हे. धर्म तिनं पुस्तक लिहून मोडला नाही, हातानं मोडला. त्याला मी सलाम करतो.

सलाम करून झाल्यावर समीक्षा सुरू होते.

अनुताईंचा धर्म सुटला, व्रत मात्र सुटलं नाही. विधवेचं व्रत गेलं आणि त्या जागी सेवेचं व्रत आलं. पांढरं लुगडं तेच, फक्त खादीचं. स्वतःसाठी काही मागायचं नाही ही अटही तीच. मला हा अनुताईंचा दोष वाटत नाही. ज्या समाजानं तिला बाहेर पडू दिलं, त्यानं ही अट घालूनच पडू दिलं. विधवेनं हसलेलं चालत नाही, लग्न केलेलं चालत नाही, पण तिनं सेवा केलेली चालते. ‘ताई’ झालेली चालते. मग तिचा सत्कार होतो, १९८५ साली तिला पद्मश्री मिळते. हिंगण्याच्या आश्रमापासून हीच तऱ्हा आहे. दार उघडलं, पण दारावर ‘त्याग’ अशी पाटी लावली. पांढरपेशा समीक्षकाचे डोळे जिथं भरून येतात, तिथंच खरं म्हणजे प्रश्न विचारायला हवा. या बाईला स्वतःसाठी जगायची मुभा का नव्हती?

‘सेवा’ या शब्दाला दुसरंही टोक आहे. सेवा करणारा असतो, तसा सेवा घेणाराही असतो. सेवा करणारा आत्मकथन लिहितो. घेणारा त्यात एका ओळीत येतो, शेंबूड पुसून घेतो आणि जातो. वस्तीतल्या त्या पोरांच्या आया कोण होत्या? अंगण त्यांचं होतं. सकाळी ते कुणी झाडून दिलं, कुणी सारवून दिलं? त्यांना काय वाटलं? त्यांची बाजू मराठी साहित्यात नाही.

आता त्याच १९४५ सालची, त्याच मुलखातली दुसरी बाई बघा. गोदावरी परुळेकर. माहेरच्या गोखले, पुण्याच्या, कायद्याचं शिक्षण घेतलेल्या. मे १९४५ मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी वारली जमले आणि वेठबिगार करायची नाही असं त्यांनी ठरवलं. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. ही हकीकत गोदावरीबाईंच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ मध्ये आहे. बाई आधी भारत सेवक समाजात होत्या. त्या संस्थेच्या नावातच सेवक आहे. ती त्यांनी सोडली आणि लाल बावटा धरला. सेवेकडून लढ्याकडे, हा त्यांचा दुसरा उंबरा. पहिला घराचा, दुसरा चांगुलपणाचा. मला विचाराल तर दुसरा जास्त उंच.

तरी तिथंही लेखणी पुण्याच्याच हातात राहिली. वारली माणूस जागा झाला हे खरं, पण त्याच्या जागेपणाची गोष्ट सांगितली दुसऱ्यानं.

इथं कुणी म्हणेल, वारली बाईला तरी धर्माचा काच होताच की. नीट बघा. वारल्याचं लग्न लावते ती धवलेरी, बाई. लग्नाचा चौक भिंतीवर लिहीत आल्या त्याही बायाच. म्हणजे अनुताईंना ज्या पोथीनं कोंडलं, ती पोथी तिच्या झोपडीत नव्हतीच. तिला कोंडलं ते सावकारानं आणि जमीनदारानं. लग्नाला कर्ज काढलं की नवरा-बायको दोघं राबायला जुंपायची, त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. म्हणून ‘धर्मातून सुटलेली मुलगी’ ही एकच गोष्ट सगळ्या बायांना लावता येत नाही. कुणाला देव्हाऱ्यातून सुटायचं असतं, कुणाला खळ्यातून. आणि पुढं चौकाची चित्रं कागदावर उतरून परदेशी गेली, तेव्हा पहिलं नाव झालं ते गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांचं, एका पुरुषाचं. ते मोठे चित्रकार होते, त्यांच्या हाताबद्दल दुमत नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या भिंती रंगवणाऱ्या बायांची नावं कुठं आहेत?

मग आपल्या बाईचं काय? ती लिहिती झाली, पण बोर्डीत नव्हे. त्यासाठी फलटणला जावं लागतं. बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ १९८६ साली पुस्तकरूपानं आलं. अनुताईंच्या शेजारी ठेवून वाचावं असं हे पुस्तक आहे. वीरगावच्या महारवाड्यातला आषाढ त्यात आहे, अंगात येणाऱ्या बाया आहेत, पोतराज म्हणून देवाला वाहिलेली पोरं आहेत. लुगड्याचा काठ निऱ्यांत लपवायचा, कारण मिरवायचा हक्क वरच्या जातीच्या बाईचा. आणि पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा. हा धर्मही बाईला धरूनच होता. ज्या देवानं आपल्याला देवळाच्या पायरीवर येऊ दिलं नाही, त्याच देवापायी आपली बाई उपाशी राहिली.

पण सुटका वेगळ्या तऱ्हेची. अनुताई एकट्या निघाल्या. आपली बाई एकटी निघाली नाही, अख्खा वाडा निघाला. बाबासाहेबांचं भाषण ऐकून आलेल्या अडाणी बायांनी पोरं शाळेत घातली, आणि १४ ऑक्टोबर १९५६ नंतर कोनाड्यातले देव नदीत गेले. इथं ‘सेवा’ हा शब्द नाही, ‘त्याग’ नाही. इथं शब्द आहे ‘हक्क’. बेबीताई कुणावर उपकार करायला लिहीत नाहीत. त्या हिशेब मांडतात.

इथपर्यंत टाळ्या पडतील. पुढचंही ऐकून घ्या. बेबीताईंनी ही पानं घरच्यांपासून, नवऱ्यापासून वीस वर्षं लपवून ठेवली होती. कुठल्या घरात? भटाच्या नव्हे. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असलेल्या घरात. देव नदीत गेले, पण देवांचा धाक घरधन्याच्या डोळ्यात येऊन बसला. मोर्चात पुढं घोषणा देणारी बाई चालते, पण ती घरी येऊन वही उघडून बसली की भाकरीची आठवण होते. ब्राह्मणाच्या बाईला उंबरा होता, आपल्या झोपडीला नव्हता, असं आपण अभिमानानं सांगतो. उंबरा होताच. तो लाकडाचा नव्हता एवढंच.

आता ‘सेवा’ या शब्दाकडे परत येतो, कारण तो अजून मेलेला नाही. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास सेवा योजना काढली आणि बोर्डीचा शब्द उचलला. अंगणवाडी घेतली, सोबत सेवाही घेतली. अंगणवाडीत काम करणारीचं नाव ‘सेविका’. तिला मिळतं त्याचं नाव ‘मानधन’. पगार नव्हे. मी गिरणीत काम करतो. आम्हाला कुणी सेवक म्हणत नाही, कामगार म्हणतात. त्या एका शब्दामागं पाळी आहे, हजेरी आहे, फंड आहे, आणि ते मिळवायला आधीच्यांनी डोकी फोडून घेतली आहेत. सेविकेच्या शब्दामागं काय आहे? विधवेचं व्रत आहे. अनुताईंनी कुणाकडं काही मागितलं नाही, म्हणून आज डहाणू-तलासरीच्या पाड्यावर पोरांना खिचडी शिजवून वाढणाऱ्या मदतनिसीनंही मागायचं नाही!

मागितलं तर काय होतं तेही पाहिलं. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना ‘मेस्मा’ लावायचं ठरवलं, म्हणजे त्यांची सेवा ‘अत्यावश्यक’. ओरड झाली तेव्हा ते स्थगित केलं. पगार मागितला की मानसेवी, संप केला की अत्यावश्यक. शब्दांचा हा खेळ कुठल्याही कवीला लाजवील. २०२२ साली सुप्रीम कोर्टानं त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. डिसेंबर २०२३ पासून महाराष्ट्रातल्या सेविका-मदतनीस ५० हून अधिक दिवस संपावर बसल्या. त्या बायांत आपल्या आहेत, आदिवासी आहेत, नवरा गेलेल्या आणि नवऱ्यानं टाकलेल्याही आहेत. ‘सेवा नव्हे, काम’ ही त्यांची मागणी मला कुठल्याही साहित्य संमेलनातल्या ठरावापेक्षा मोठी वाङ्मयीन घटना वाटते. कारण एका शब्दाचा अर्थ बदलायला त्या रस्त्यावर बसल्या होत्या.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. उंबरा ओलांडलेल्या बाईची कहाणी वाचताना ती किती रडली हे मोजू नका. घर सोडून ती कुणाच्या अंगणात गेली, त्या अंगणातल्या बाईला तिनं बोलू दिलं का, आणि तिच्या सुटकेचं मोल शेवटी कुणी भरलं, हे विचारा. अनुताईंना हे विचारा, गोदावरीबाईंना विचारा, आणि आपल्या आत्मकथनांनाही विचारा. दुसऱ्याला घासून बघायचं आणि घरचं तसंच ठेवायचं, अशी कसोटी आपल्याला नको.

बोर्डीच्या त्या वस्तीतल्या, अंगण सारवून देणाऱ्या बाईचं पुस्तक अजून यायचं आहे. तिची नात आज कुठंतरी पोरांची हजेरी लिहीत असेल. हजेरीच्या वहीला मागच्या बाजूनं कोरी पानं असतात. तिनं तिथून सुरुवात करावी. आणि घरच्यांनी ती वही लपवायची पाळी तिच्यावर आणू नये.