एका घरातल्या अनेक इयत्ता

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना लाभलेल्या या ग्रंथाकडे आपले समीक्षक प्रायः दोन वाटांनी जात आले आहेत. कोणी त्यात न्यायमूर्तींचे घरगुती चरित्र शोधले, तर कोणी सुधारणेच्या काळातील स्त्रीजीवनाचे चित्र. दोन्ही वाटा रास्त आहेत. आम्ही मात्र यंदा हे पुस्तक तिसऱ्याच निमित्ताने पुन्हा हाती घेतले, आणि ते निमित्त वाङ्मयीन नव्हते.

सांगली जिल्ह्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने मुलांना घरीच शिकवावयाचे ठरविले. मुले तीन. थोरली मुलगी चौदा वर्षांची, मधला दहाचा, धाकटा सहाचा. आईने मोठ्या कष्टाने एक तक्ता आखून भिंतीवर लावला होता. तीन उभे रकाने, तीन इयत्ता, तीन संच पाठ्यपुस्तके. तक्ता नीट पाहिला तेव्हा थोरलीच्या रकान्यात दुपारी दोन ते चार या वेळेत ‘धाकट्यांचा अभ्यास घेणे’ असे लिहिलेले आढळले. म्हणजे तिच्या शिक्षणाच्या वेळेतून दोन तास परस्पर वळते झाले होते. रमाबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील देवराष्ट्र्याचा, म्हणून आम्ही ते पुस्तक तिला वाचावयास दिले. पंधरा दिवसांनी तिने ते परत केले आणि एवढेच विचारले, “त्या घरातल्या बाकीच्या बायकांना कुणी का शिकवलं नाही?”

इतकी वर्षे हे पुस्तक वाचूनही हा प्रश्न आम्हांस सुचला नव्हता, हे कबूल केले पाहिजे.

१८७३ च्या अखेरीस विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. न्यायमूर्तींनी शिकवण्यास तत्काळ आरंभ केला. आधी मराठी, पुढे इंग्रजी, असा पद्धतशीर क्रम होता. योजना म्हणून पाहता ती निर्दोष वाटते. शिकविणारा थोर विद्वान आणि शिकणारी तीक्ष्ण बुद्धीची. तरीही पुण्याच्या त्या घरात पुस्तक उघडणे म्हणजे रोजचा संग्राम होता. वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे, अबोला, नाना परींची अडवणूक यांची वर्णने रमाबाईंनी फार संयमाने केली आहेत. त्या वर्णनांमुळेच वाचकाची सहानुभूती एका बाजूस झुकते आणि दुसरी बाजू केवळ अज्ञानाची ठरते. परंतु त्या मुलीच्या प्रश्नानंतर हीच पाने निराळी वाचावी लागतात. ज्या घरात निरनिराळ्या वयांच्या इतक्या बायका होत्या, तेथे अभ्यासक्रम एकीसाठीच आखला गेला. दिवा एका खोलीत लागला आणि बाकीच्यांना दाराच्या फटीतून तो दिसत राहिला. त्या छळात रूढी होती, यात शंका नाही. पण वगळले गेल्याचा सलही त्यात असावा, असे आता आम्हांस वाटते. १८७८ मध्ये नाशिकला बदली झाली, बिऱ्हाड लहान झाले आणि रमाबाईंचा अभ्यास मोकळेपणाने वाढला. याचा अर्थ योजना यशस्वी झाली ती घर बाजूला पडल्यावर. पुढे १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाच्या उभारणीत रमाबाईंनी स्वतःला वाहून घेतले. निरनिराळ्या वयांच्या स्त्रियांना एका छपराखाली शिकविणारी ही संस्था. पुण्याच्या घरातील अनुभवाशी या कार्याचा संबंध कोणी अभ्यासकाने जोडून पाहावा.

त्याआधीचे एक उदाहरण सातारा जिल्ह्याशी जोडलेले आहे. नायगावच्या सावित्रीबाईंना जोतीरावांनी शिकविले तेव्हा सोबत वयाने मोठ्या सगुणाबाईही शिकत होत्या. दोघींची वये भिन्न, पण शिकवणी एक. या शिकवणीचा सविस्तर वृत्तान्त सावित्रीबाईंनी लिहिला नाही, ही मराठी गद्याची मोठीच हानी होय.

‘स्मृतिचित्रे’ची गोष्ट अगदी वेगळी. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात योजना नावाची वस्तू औषधालाही सापडत नाही. रेव्हरंड टिळकांची धरसोड, त्यांचा संताप, त्यांचे अफाट प्रेम, या साऱ्यांतून लक्ष्मीबाई कशाबशा वाचू लागल्या आणि अखेरीस असे मराठी लिहून गेल्या की पंडितांनी पाहत राहावे. त्यांच्या घरी मुलांचा राबता असे. आपली, मानलेली, दुष्काळात पोरकी झालेली. १९१७ मध्ये टिळक साताऱ्यास आले आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. अशा घरात इयत्ता पाडणार कशा? पंगतीला बसलेल्या लहानथोरांच्या कानांवर तेच भजन, तीच गोष्ट, तोच वाद पडे आणि जो तो आपल्या कुवतीप्रमाणे उचले. न्यायमूर्तींच्या योजनेपुढे हा कारभार गबाळा दिसेल. पण तीन वयांच्या मुलांची माता या दोन पुस्तकांपैकी एक मार्गदर्शक म्हणून मागेल, तर आम्ही आधी ‘स्मृतिचित्रे’ तिच्या हाती देऊ.

तसे पाहता ही रीत आपल्याला नवी नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, ते मंदिरात लोकांसमोर वाचले जाई. दहा हजारांहून अधिक ओव्या, आणि श्रोत्यांत आजी आणि नातू दोघेही. नातवासाठी वेगळी सोपी आवृत्ती कोणी काढली नव्हती.

आता भिंतीवरच्या तक्त्याकडे वळू. त्यातला मुख्य दोष आमच्या मते असा की त्याने शाळेचे केवळ इमारतीवाचून अनुकरण केले होते. शाळा वयानुसार वर्ग पाडते, कारण तेथे एका वयाची चाळीस मुले येतात. घरात ती सोय नाही आणि गरजही नाही. गणित, आरंभीचे वाचन, व्याकरण हे विषय पायरीपायरीने चढावयाचे असल्यामुळे ते ज्याचे त्याला स्वतंत्रच शिकवावे लागतात. त्यासाठी रोज तासाभराची वेळ पुरे. पण इतिहास, भूगोल, निसर्ग, कथा, काव्य आणि गाणे यांना तीन रकाने कशासाठी? कृष्णाकाठच्या घराला तर नदी हाच आयता विषय मिळालेला आहे. सहा वर्षांच्या मुलाने पावसाळ्यात नदीचे पाणी बरणीत भरून तळाशी गाळ कसा बसतो ते पाहावे. दहाच्याने महाबळेश्वरापासून नकाशा काढावा, कऱ्हाडला कोयना आणि हरिपूरला वारणा कोठे मिळते ते दाखवावे. चौदाच्या मुलीने सांगलीच्या आयर्विन पुलापाशी मोजली जाणारी पाणीपातळी रोज टिपून आलेख काढावा. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले होते, आणि २००५ व २०२१ चे पूर तर तिच्या शेजारपाजाऱ्यांना तोंडपाठ आहेत. अलमट्टीच्या वादावर दोन्ही राज्यांचे म्हणणे काय, हेही तिने वाचावे. रात्री जेवणानंतर तिघांनी आपापले सांगावे. धाकटा बहिणीचा आलेख पाहतो तेव्हा त्याला तो समजत नाही. पण काही मोजता येते आणि मोजलेले चितारता येते, एवढे त्याच्या मनात राहते.

वाचनासाठी माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या संचाची आम्ही शिफारस केली. बाल व कुमार असे दोन गट आणि प्रत्येकाचे दोन भाग. निवड चोखंदळ आहे आणि चित्रांना केवळ सजावटीचे स्थान नाही. आमची तक्रार मुखपृष्ठावरील गटाच्या शिक्क्याविषयी आहे. घरात पुस्तक आले की ‘हे तुझे नव्हे’ असे थोरला धाकट्यास सांगतो, आणि कुमारवयीन मुलगी बालगटाला हात लावणे कमीपणाचे मानते. आम्ही त्या घरी चारही भागांना वर्तमानपत्राची वेष्टने घालून आलो. प्रकाशकांनी क्षमा करावी.

पुस्तकी भाषेच्या शेजारी घरच्या बोलीलाही स्थान हवे. फलटणच्या बोलीतील वैविध्यावर डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी १९७३ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात प्रबंध सादर केला, आणि पुढे फलटणलाच ‘कमला निंबकर बालभवन’ उभे राहिले. मुलाची बोली ही दुरुस्त करावयाची चूक नव्हे, हा धडा सातारा जिल्ह्यातच उपलब्ध असताना आपल्या सुशिक्षित घरांतून मात्र सहा वर्षांच्या मुलाला वाक्यागणिक टोकले जाते.

एका गोष्टीचा उल्लेख टाळता येत नाही. मातापिता हेच मुलांचे पहिले व मुख्य शिक्षक, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६५ च्या शिक्षणविषयक घोषणेतील वचन घरशिक्षणाचा पुरस्कार करणारे आवर्जून सांगतात. कुटुंबाला या कामी साऱ्या समाजाचे साहाय्य लागते, हे त्याच घोषणेत पुढे म्हटले आहे, ते मात्र क्वचित सांगितले जाते. त्या मातेला असे साहाय्य कोणी दिले होते? मुलीच्या दोन तासांवर तिचा डोळा गेला तो हौसेने नव्हे. पहाटेपासून स्वयंपाक, धुणे, सासूबाईंचे पथ्यपाणी आणि वर तीन इयत्ता. वडील कामावरून सातला परतत. आम्ही त्यांना रात्रीचे वाचन मोठ्याने करण्याची विनंती केली, तेव्हा आपल्याला वाचता कोठे येते चांगले, असे ते संकोचाने म्हणाले. आता ते वाचतात. अडखळले की धाकट्याला फार आनंद होतो.

थोरलीचे दोन तास तिला परत मिळाले आहेत. दहावीसाठी राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरावा की राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची परीक्षा द्यावी, याची चौकशी चालू आहे. नव्या तक्त्यात रकाने नाहीत. आठवड्याचा विषय वर लिहिलेला असतो आणि खाली तीन नावे. गेल्या खेपेस गेलो तेव्हा चौथे नाव आढळले, आजीचे. तिच्यापुढे मुलीने लिहिले होते : १९६७ चा कोयनेचा भूकंप सांगणे, आणि सही शिकणे.