बाप्तिस्म्यानंतरची वाट : मराठी ख्रिस्ती आत्मकथनांतील परिपक्वतेची कसोटी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष बहुधा धर्मांतराच्या घटनेवर खिळून राहते. धर्मांतर का झाले, आप्तेष्टांनी काय केले, समाजात कोणता क्षोभ उसळला, या प्रश्नांची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ख्रिस्ती धर्मविचारात बाप्तिस्मा हा प्रवेश होय, प्राप्ती नव्हे. नव्या करारातील पत्रांमध्ये नवशिक्या श्रद्धावंतास दूध पिणाऱ्या बालकाची व परिपक्व श्रद्धावंतास जड अन्न पचविणाऱ्या प्रौढाची उपमा दिलेली आहे. तेव्हा या परंपरेतील आत्मकथनांचे मूल्यमापन करताना खरा प्रश्न असा की, प्रवेशानंतरची वाढ लेखकाने कशी पाहिली आणि कोणत्या कसोटीवर जोखली.

बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’चा भर बाप्तिस्म्यापर्यंतच्या वाटचालीवर आहे. शंका, वाचन, वाद, निश्चय आणि अखेर १८५४ साली बेळगाव येथे झालेला बाप्तिस्मा, असा त्या कथेचा ओघ आहे. ग्रंथाचे नावच पहाटेचे आहे. दिवसाची कथा त्यात फारशी येत नाही. हा दोष म्हणता येणार नाही. ज्या काळी धर्मांतराचे समर्थन करणे हीच पहिली गरज होती, त्या काळी कथेचा कळस तेथेच असणे स्वाभाविक होते.

पंडिता रमाबाईंनी हा कळस हलविला. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत, त्या वेळी आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, ख्रिस्त लाभला नव्हता, अशा आशयाची कबुली त्या देतात. तो अनुभव त्यांना सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास आला. बुद्धीने स्वीकारलेले मत आणि जीवन व्यापणारी निष्ठा यांतील हे अंतर इतक्या स्पष्टपणे मांडणारे लेखन मराठी व्यक्तीकडून क्वचितच झाले असेल. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात निराधार स्त्रियांना आश्रय देणाऱ्या रमाबाई या दुसऱ्या जागृतीनंतरच्या रमाबाई होत, हे येथे ध्यानात घेणे अवश्य आहे.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांच्या चरित्रातही असाच दुसरा टप्पा आढळतो. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती धरली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही त्यात स्थान होते. लक्ष्मीबाई टिळकांचा क्रम तर उलटाच आहे. पतीच्या धर्मांतरानंतर पाच वर्षांनी, १९०० साली, त्या ख्रिस्ती झाल्या. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचताना असे दिसते की, जातिभेदाचे सोवळे त्यांच्या मनातून त्यापूर्वीच गळून पडले होते. विधी मागाहून आला. वाढ आधी झाली.

या तीन चरित्रांवरून एक कसोटी सहज हाती येते : परिपक्वता म्हणजे त्याग. रमाबाईंनी पांडित्याचा आधार सोडला, टिळकांनी वेतन सोडले, लक्ष्मीबाईंनी सोवळे सोडले. शिवाय बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध ही सोपानपरंपरा मराठी वाचकाच्या परिचयाची असल्याने ही कसोटी त्यास तत्काळ पटते. परंतु ती कितपत सार्वत्रिक आहे? वरील लेखकांपैकी बहुतेक उच्चवर्णीय कुटुंबांतील होते. ज्यापाशी सोडण्यासारखे काही आहे, त्याच्याच वाढीचे माप त्यागाने घेता येते.

या प्रश्नाची परीक्षा मराठवाड्यातच करता येते. १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जालन्याजवळ ‘बेथेल’ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. जालना आणि पूर्णाकाठचे जाफराबाद हा सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. १९८१ साली स्वतंत्र जालना जिल्हा झाला व जाफराबाद तालुका औरंगाबादेतून त्यात आला. त्यामुळे जाफराबादेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास बेथेल हा घरच्याच जिल्ह्याचा इतिहास आहे. तेथील नवख्रिस्ती प्रामुख्याने मांग व महार समाजांतील होते. गावकुसाबाहेर राहण्याची ज्यांना सक्ती होती, त्यांना स्वतःच्या वस्तीत घर मिळणे, मुलास अक्षरओळख होणे, उपासनेत इतरांच्या बरोबरीने बसता येणे, हीच नवजीवनाची खूण होती. त्यांच्या वाढीची दिशा सोडण्याची नव्हे, उभे राहण्याची होती. नारायण शेषाद्रींसारखा ब्राह्मण कुळातील उपदेशक अशा वस्तीत राहावयास येतो, तेव्हा त्याचा त्याग व त्यांचे उत्थान या एकाच घटनेच्या दोन बाजू ठरतात. मराठी वाङ्मयेतिहासाने यांपैकी पहिलीच बाजू प्रायः नोंदली, कारण आत्मकथन लिहिण्याची साधने पहिल्याच पक्षापाशी होती.

बेथेलमधील सुधारणा ऐहिक होती, तिला आध्यात्मिक म्हणता येणार नाही, असा आक्षेप येथे संभवतो. भाकरीसाठी धर्म बदलला, हा जुना आरोपही त्यामागे दडलेला असतो. त्यास उत्तर पत्रांतच आहे. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात प्रौढता हा एकट्या साधकाचा गुण मानलेला नाही. अनेक अवयव सांध्यांनी जोडले जाऊन एक शरीर वाढते, असे रूपक तेथे आहे. ज्या शरीराचा एक अवयव अवमानित आहे, ते प्रौढ झाले असे म्हणता येत नाही. या दृष्टीने पाहता मान व शिक्षण हे आध्यात्मिक वाढीचे उपफळ नसून तिचेच अंग ठरते.

हे मान्य केल्यास परिचित ग्रंथांचे वाचनही पालटते. टिळकांचा संन्यास एकांताकडे न जाता ‘दरबारा’कडे का गेला, याचा उलगडा होतो. ‘स्मृतिचित्रां’चे थोरपणही केवळ प्रांजळ विनोदात नसून, अनाथ मुलांनी भरलेल्या घरात एक सोवळी स्त्री सर्वांची आई कशी झाली, या चित्रणात आहे. तेथे त्याग वेगळा काढून दाखविता येत नाही. तो संसारात मुरलेला आहे.

म्हणून मराठी ख्रिस्ती परिपक्वतेचा अभ्यास आत्मकथनांपाशी थांबता कामा नये. बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, शाळांचे पट, मिशनचे अहवाल, उपासनेत गाइली जाणारी गीते आणि वृद्धांच्या आठवणी ही साधनेही तितकीच प्रमाण मानली पाहिजेत. ज्यांनी लिहिले त्यांचा अनुभव मोलाचा आहेच; परंतु ज्यांना लिहिता आले नाही, त्यांची श्रद्धा अपक्व होती, असा निष्कर्ष केवळ ग्रंथांच्या अभावावरून काढणे हा समीक्षेचा अन्याय होय.