जळवांवरचा आळ

चार्ल्स डार्विनचा कीटकभक्षी वनस्पतींवरील ग्रंथ १८७५ सालचा, एच. जी. वेल्सची ‘द फ्लॉवरिंग ऑफ द स्ट्रेंज ऑर्किड’ ही कथा १८९४ची. टी. एच. हक्स्ली यांच्याकडे जीवशास्त्र शिकलेल्या वेल्सने आपली काल्पनिक वनस्पती मात्र शास्त्राला सोडून रचली. कासच्या पठारावरील दवबिंदू नापीक जमिनीत नत्रासाठी कीटक पचवते. तिचा सापळा म्हणजे तिचे पान. वेल्सचे ऑर्किड हवाई मुळांनी माणसाचे रक्त शोषते.

हे ऑर्किड अंदमानातून लंडनच्या लिलावात येते. ते गोळा करणारा बॅटन खारफुटीच्या दलदलीत मरून पडलेला होता. अंगाखाली असेच एक रोप चिरडलेले. रक्त जळवांनी शोषले, असे सांगितले गेले. ही हकिगत ऐकून घर सांभाळणाऱ्या चुलत बहिणीचे मन विटते, खरेदीदार वेडरबर्नचे नाही. पुढे काचघरात तीच मुळे त्याला घेरतात. बहीण काचा फोडून त्याला वाचवते. दुसऱ्या दिवशी तो आपल्या साहसाविषयी उत्साहाने बडबडत असतो.

बॅटनचे नाव मात्र पुन्हा निघत नाही. या वनस्पतीच्या आहाराचा पहिला पुरावा त्याचे प्रेत होते. जळवांवरचा आळ शेवटपर्यंत तसाच राहतो. मला कथेतली खरी भीती मुळांपेक्षा या विस्मरणात दिसते.